विरघळलं, म्हणजे गेलं कुठं?



आमच्या पालघर-बोईसरच्या पट्ट्यात पाण्याला नुसतं 'पाणी' म्हणून भागत नाही. नव्या जागेत राहायला जायचं ठरलं की ओळखीचे लोक भाड्याच्या आधी पाण्याची चौकशी करतात. विहिरीचं पाणी गोडं आहे की मचूळ? बोअरिंगचं असेल तर जड नाही ना? डाळ शिजते ना? साबणाला फेस येतो ना? आणि सातपाटी, मुरबे, केळवे अशा किनाऱ्याच्या गावांकडे सरकलात की चौथा शब्द येतो, खारं. गोडं, मचूळ, जड आणि खारं अशी चार पाणी चार काचेच्या पेल्यांत ओतून ठेवा. डोळ्यांना चारही सारखीच दिसतील. फरक कळतो तो जिभेला, डाळीला आणि साबणाला. डोळ्यांना नाही.

डोळ्यांना न दिसणारी ही जी गोष्ट आहे, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. विरघळणं. रोजच्या जगण्यातल्या विज्ञानावर बोला, असं आकाशवाणीनं सुचवलं तेव्हा मला हाच विषय जवळचा वाटला. मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्र माझ्या वाट्याला शाळेपुरतंच आलं. पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्याला रसायन टाळता येत नाही. ते पहाटे वासाच्या रूपानं खिडकीतून आपणहून घरात येतं.

शाळेच्या पुस्तकात तीन शब्द असतात. जे विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं तो द्रावक, आणि दोघं मिळून होतं ते द्रावण. मीठ द्राव्य, पाणी द्रावक, मिठाचं पाणी द्रावण. परीक्षेत दोन गुण मिळवायला एवढं पुरे होतं. पण मीठ पाण्यात पडतं तेव्हा नेमकं काय घडतं, हे पाहायला गेलं तर मोठी मौज आहे.

मिठाचा खडा म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांच्या विद्युतभारित कणांची शिस्तीत रचलेली भिंत. सोडियमचा कण धन, क्लोरीनचा ऋण. एकाआड एक, सगळ्या दिशांना. या कणांना आयन म्हणतात. धन आणि ऋण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. लक्षात घ्या, वितळणं वेगळं आणि विरघळणं वेगळं. आपण बोलताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कुल्फी वितळते, साखर विरघळते. तर जे मीठ वितळवायला भट्टी लागते, तेच मीठ साध्या माठातल्या पाण्यात मिनिटभरात विरघळतं. हे पाण्याला जमतं कसं?

पाण्याचा रेणू वरून सरळसाधा दिसतो, पण तो दुतोंडी आहे. त्याचं एक टोक किंचित ऋण, दुसरं किंचित धन. मिठाच्या खड्याभोवती असे अब्जावधी रेणू गोळा होतात. सोडियमच्या कणाकडे ऋण टोक करून, क्लोरीनच्या कणाकडे धन टोक करून ते त्याला घेराव घालतात. खड्याच्या कडेला, कोपऱ्यात असलेला कण आधी सुटतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. सुटलेल्या प्रत्येक कणाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं उभं राहतं आणि ते कडं त्या कणाला पुन्हा आपल्या जोडीदाराजवळ फिरकू देत नाही. एक ग्रॅम मिठात अशा जोड्या किती? एकावर बावीस शून्यं, इतक्या. एका पेल्यात त्या सगळ्या पसरतात. कुठल्याही कोपऱ्यातला थेंब घ्या, खारटपणा तोच.

छांदोग्य उपनिषदातली गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि सकाळी म्हणतो, ते मीठ परत आण. मुलाला ते सापडत नाही. मग बाप त्याला वरचं पाणी चाखायला लावतो, मधलं, तळाचं. तिन्हीकडे खारट. उपनिषदाला त्यातून आत्म्याकडे जायचं होतं, ते गेलं. मला मात्र त्या बापाचं कौतुक वाटतं ते प्रयोगाच्या मांडणीसाठी. द्रावण सगळीकडे सारखं असतं आणि त्यातला पदार्थ न दिसताही असतो, हे दोन्ही सिद्धांत त्यानं एका पेल्यात दाखवून दिले.

'न दिसताही असतो.' आम्हा कवींना इथेच अडचण होते. प्रेमात विरघळून जाणं, विश्वात विरघळून जाणं, अशी वाक्यं आम्ही वर्षानुवर्षं लिहीत आलो आणि त्यांचा अर्थ धरत आलो संपून जाणं, नुरणं. रसायनशास्त्र म्हणतं, असं काही होत नाही. शंभर ग्रॅम पाण्यात दहा ग्रॅम मीठ टाकलं तर द्रावण एकशे दहा ग्रॅमच भरतं. वजनातून रतीभर कमी होत नाही. मीठ गेलं कुठंच नाही. ते फक्त इतकं बारीक झालं, की आपल्या डोळ्यांच्या हिशेबातून सुटलं.

आमच्या पलीकडेच, डहाणू-घोलवड ओलांडलं की थोड्या अंतरावर गुजरातमधलं संजाण आहे. इराणमधून आलेले पारशी तिथे उतरले तेव्हाची दुधाची कथा घराघरांत सांगितली जाते. राजानं काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं पाठवलं, म्हणजे इथे जागा नाही. पाहुण्यांनी त्यात साखर टाकून ते परत केलं. दूध सांडलं नाही, गोड मात्र झालं. ही इतिहासाची नोंद नव्हे, लोककथा आहे. रसायनाचा प्राध्यापक असता तर म्हणाला असता, चमचाभर साखर ठीक, ओंजळभर टाकली असती तर दूध सांडलंच असतं, कारण विरघळलेली साखरही जागा घेते. ते असो. पण 'दुधात साखर' हे वाक्य सभासमारंभांत माझ्यासारख्याकडे पाहून पुष्कळदा म्हटलं जातं, आणि ते ऐकताना मला गंमत वाटते. म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा असतं, की साखर दिसेनाशी झाली हे छान झालं. दूध गोड लागतं ते मात्र साखर अजून साखरच आहे म्हणून.

उर्दूत एक सुंदर शब्द आहे, 'हल'. गणित सोडवणं म्हणजे हल करणं आणि पाण्यात काही विरघळवणं म्हणजेही हल करणं. द्रावणाला 'महलूल' म्हणतात, तोही त्याच मुळातला. इंग्रजीतही उत्तराला आणि द्रावणाला एकच शब्द आहे. घट्ट गाठ सुटली, गोळा मोकळा झाला, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच सुचलेली दिसते. मराठीत आपण 'तोडगा' म्हणतो. आपली प्रकृती जरा वेगळी आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. रमजानमध्ये संध्याकाळी सरबताचं पातेलं घराघरांत होतं. घाईच्या वेळी कुणीतरी आधी बर्फ टाकतं आणि मग साखर. चमचा कितीही फिरवा, तळाशी साखर बसून राहते. आधी साध्या पाण्यात साखर विरघळवून घ्यावी, बर्फ शेवटी, हे घरातल्या बायका कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणतात. ढवळण्यानं विरघळण्याचा वेग वाढतो, पाण्याची क्षमता वाढत नाही. क्षमता ठरते ती पदार्थावर आणि तापमानावर. वीस अंशाला शंभर ग्रॅम पाणी साधारण ३६ ग्रॅम मीठ पोटात घेतं. त्याहून अधिक टाकलं तर ते तळाशी पडून राहील. हे झालं संपृक्त द्रावण. तेच पाणी साखर मात्र दोनशे ग्रॅमपर्यंत सामावून घेतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुप्पट! पाणी तापवलं की साखरेची क्षमता झपाट्यानं वाढते, मिठाची जेमतेम. उकळत्या पाण्यातही मीठ ३९ ग्रॅमच्या आसपासच थांबतं. साखरेच्या या गुणावर आपला सगळा पाक उभा आहे. गरम पाण्यात भरपूर साखर विरघळवायची, आणि गार होताना ती पुन्हा खडे धरू लागली की बाई म्हणते, पाकानं साखर धरली. लिंबाचे दोन थेंब टाकून ती त्याला अडवते.

सगळंच काही पाण्यात विरघळत नाही. हळद पाण्यात टाका, पाणी गढूळ पिवळं होईल आणि थोड्या वेळानं हळद तळाशी बसेल. तीच गरम तेलाच्या फोडणीत पडली की तेल सोन्यासारखं होतं, कारण हळदीतला रंग तेलाशी जमवून घेणारा आहे, पाण्याशी नाही. अत्तराचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या अत्तरात फुलांचा गंध चंदनाच्या तेलात मुरवलेला असतो, पाणी त्याला धरून ठेवू शकत नाही. दुतोंडी रेणू दुतोंड्यांशी जमतात, तेलकट तेलकटांशी. दाराला रंग दिल्यावर हाताचे डाग पाण्यानं जात नाहीत, रॉकेलनं जातात, ते यामुळेच. बोईसरच्या कारखान्यांत ही गोष्ट पिंपांच्या हिशेबानं चालते. औषधाची भुकटी करायची तर आधी ती कुठल्यातरी द्रावकात, मिथेनॉलमध्ये, टोल्यूइनमध्ये, विरघळवून शुद्ध करायची, मग गाळायची, सुकवायची. आपण जी पांढरी गोळी गिळतो, तिच्या मागे असं पुष्कळ विरघळवणं आणि पुन्हा बाहेर काढणं असतं.

विरघळवण्यानं जीव वाचतात, याचंही उदाहरण घरातलंच आहे. जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या होत्या. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि नातेवाइकांनी पेल्या-पेल्यानं रुग्णांना पाजली. मृत्यूंचं प्रमाण विलक्षण घटलं. यामागचं गुपित असं, की आतड्याच्या भिंतीतून सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. नुसतं पाणी पाजून हे होत नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आशाताई आजही शिकवतात. प्रमाण चुकवायचं नाही. मीठ जास्त झालं तर ते मुलाच्या अंगातलंच पाणी ओढून घेतं.

इथवर सगळं गोड चाललं आहे. आता उलट दिशेनं जाऊ. विरघळलेलं परत काढायचं असेल तर?

गढूळ पाणी आणि खारं पाणी यांतला फरक इथे कळतो. पावसाळ्यात सूर्या नदी तांबडी होऊन वाहते. ते पाणी हंड्यात भरून तुरटी फिरवली की मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात, खाली बसतात आणि वर निवळ येते. कापडानं गाळलं, वाळूतून गाळलं, तरी गाळ अडतो. पण तुरटी मिठाला काही करत नाही. कापड मिठाला अडवत नाही. रात्रभर ठेवा, महिनाभर ठेवा, मीठ तळाशी बसत नाही. माती पाण्यात असते, मीठ पाण्याचंच होऊन जातं.

मीठ काढायचा सर्वांत जुना कारखाना म्हणजे मिठागर. वसई-भाईंदरकडे जाताना लोकलच्या खिडकीतून कित्येक पिढ्यांनी तो पाहिला आहे. आगरी समाजाचं नावच या आगरांवरून आलं, असं मानतात. समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतलं तीन चतुर्थांशाहून अधिक आपलं खाण्याचं मीठ. भरतीचं पाणी उथळ वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मग पुढच्या वाफ्यात सोडायचं. यात एक बारकावा आहे. सगळे क्षार एकदम बाहेर पडत नाहीत. ज्याची विरघळण्याची क्षमता कमी तो आधी. म्हणून पहिल्या वाफ्यांत चुनखडी आणि जिप्सम खाली बसतात. पाणी आटून मूळच्या एक दशांशावर आलं, की मीठ धरू लागतं. आणि सगळ्यात शेवटी जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते वेळीच काढून टाकावं लागतं, नाहीतर मीठ कडू होतं आणि पाणी सुटतं. पाण्याचा दाटपणा, कडेला धरलेली साय, उन्हाची तिरीप पाहून मिठागरातला माणूस ठरवतो, आता पाणी पुढे सोडायचं. रसायनाच्या पदवीला तीन वर्षं लागतात, या नजरेला बहुधा त्याहून जास्त.

किलोभर मिठासाठी चाळीसेक लिटर पाणी उडवून लावावं लागतं. ते काम सूर्य फुकट करतो म्हणून मीठ स्वस्त. तेच विजेनं करायचं म्हटलं तर उकळतं पाणी लिटरभर उडवायला अर्ध्या युनिटाहून जास्त वीज लागते. मीठ विरघळवायला काय लागलं होतं? काहीच नाही. हात सोडला, खडा पडला, झालं. विरघळवणं फुकट, परत मिळवणं महाग. आमच्या परिसराची निम्मी गोष्ट या एका वाक्यात आहे.

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राकडे पाहा. देशातलं पहिलं व्यापारी अणुवीज केंद्र, १९६९पासूनचं. तिथे वीज कशी तयार होते हे पुष्कळांना ठाऊक असतं. वापरून झालेल्या इंधनाचं काय होतं, हे कमी लोकांना माहीत असतं. तारापूरला १९७०च्या दशकापासून इंधनाचं पुनःप्रक्रियन सुरू झालं, दुसरा कारखाना २०११ साली राष्ट्राला अर्पण झाला. तिथे जाड भिंतींच्या आड, दुरून यंत्रहातांनी, इंधनाचे तुकडे करून ते गरम नायट्रिक आम्लात विरघळवतात. मग त्या द्रावणात रॉकेलसारख्या तेलात मिसळलेलं एक खास द्रावक घालून घुसळतात. युरेनियम आणि प्लुटोनियम आम्ल सोडून तेलाकडे जातात, बाकीची घातक द्रव्यं आम्लातच राहतात. हळद पाण्याला सोडून तेलाकडे जाते, त्याच जातीची ही युक्ती. पुढे त्या उरलेल्या आम्लाचं काय करायचं? ते आटवून काचेच्या मिश्रणात वितळवून ओततात आणि त्याचे गोळे पोलादी डब्यांत बंद करतात. काचच का? कारण काच पाण्यात सहजी विरघळत नाही. इतका खटाटोप आधी विरघळवण्यासाठी, आणि शेवट कशात, तर पुन्हा कधी विरघळू नये यात.

ही निगा जिथे घेतली जाते, तिथून काही किलोमीटरवर औद्योगिक वसाहत आहे. रंगांचे, औषधांचे, कापडाचे, रसायनांचे शेकडो कारखाने. हजारो घरांची चूल त्यांवर पेटते, हे आधी सांगितलं पाहिजे. इथे काम करणारी माणसं माझे शेजारी आहेत. पण विरघळण्याच्या हिशेबात या वसाहतीचं गणित अवघड झालं आहे. नाल्यातून लाल, जांभळं पाणी वाहताना लोकांनी पाहिलं आहे. तो रंग गाळ नव्हे, द्रावण आहे. तुरटीनं तो पुरता बसत नाही. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जिवाणू सोडतात, ते पाण्यातले सेंद्रिय पदार्थ खातात. पण जिवाणूंचंही पोट आहे. काही रंग आणि द्रावकं त्यांना पचत नाहीत, काही तर त्यांनाच मारतात. आणि विरघळलेले क्षार? ते जिवाणू खात नाहीत. एका दारानं आत आले, दुसऱ्या दारानं बाहेर. केंद्रातलं पाणी पुढे नळानं नवापूरच्या समुद्रात जातं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशभरच्या औद्योगिक वसाहतींना प्रदूषणाचे गुण दिले. शंभरापैकी ९३.६९ गुण मिळवून तारापूर पहिलं आलं. अशा परीक्षेत पहिलं येऊ नये. त्याआधी २०१६मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. मांगेला म्हणजे इथला मासेमारी करणारा समाज. २०२२ साली लवादानं शंभराहून अधिक कारखान्यांना पर्यावरणाच्या नुकसानीची भरपाई भरण्याचा आदेश दिला.

या वादात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. समुद्र अफाट आहे, त्यात विरघळून जातं. मला त्या 'जातं'वर हरकत आहे. पातळ होतं म्हणा, हवं तर. पण पातळ होणं म्हणजे जाणं नव्हे. आणि खाडीत तर ते पातळही चटकन होत नाही, भरती-ओहोटीनं तेच पाणी पुढे-मागे फिरत राहतं. पालघरच्या बाजारात एक मासेवाली मला म्हणाली, "पाणी बघायला साफच दिसते, भाई. दिसण्यावर काय हाय?" तिनं सातवी-आठवीचं विज्ञानाचं पुस्तक पाहिलं असेल-नसेल, द्रावणाची व्याख्या तिनं अचूक केली होती.

माशांच्या बाजूनं पाहिलं तर आणखी एक विरघळलेली वस्तू आठवते. हवा. मासा पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन घेत नाही, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो, आणि तो असतो फार थोडा. तीस अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सहाच्या आसपास. वायूंचं वागणं साखरेच्या उलट असतं. पाणी तापलं की साखर जास्त विरघळते, वायू मात्र निसटतो. गरम झालेली सोड्याची बाटली उघडली की फसफसते, ते यामुळे. म्हणजे पाणी जितकं कोमट, तितका माशाचा श्वास कमी. त्यात सेंद्रिय सांडपाणी मिसळलं की ते खाणारे जिवाणू वाढतात आणि तेही तोच तुटपुंजा ऑक्सिजन ओढतात. मासे मरतात तेव्हा दर वेळी विषानंच मरतात असं नाही. कित्येकदा ते गुदमरून मरतात, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात. सातपाटीचं पापलेट नावाजलेलं, २०२३मध्ये सरकारनं त्याला राज्य मासा केलं. मान मिळाला, श्वासाचं तेवढं बघायला हवं.

मग उपाय नाही का? आहे, पण तो नळाच्या शेवटच्या टोकाला नाही, पहिल्या टोकाला आहे. जे ज्या कारखान्यात विरघळलं, ते तिथेच, दुसऱ्या कशात मिसळण्याआधी बाहेर काढायचं. द्रावक ऊर्ध्वपातनानं परत मिळवायचं, खारं पाणी वेगळं आटवायचं. काही कारखाने हे करतात. खर्च येतो. पण शंभर प्रकारची द्रावणं एका नाल्यात एकत्र झाल्यावर तो खर्च कुणालाच झेपत नाही, मग तो मासेवालीच्या टोपलीतून वसूल होतो.

घरच्या पाण्याचं सांगून थांबतो. बोईसरच्या नव्या इमारतींतून पाण्याचं यंत्र विकणारी मुलं फिरतात. त्यांच्या खिशात पेनाएवढं टीडीएस मीटर असतं. ते पेल्यात बुडवलं की आकडा येतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. मीटर उपयोगी आहे, पण ते पाहतं काय हे समजून घ्या. ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं. मिठाचे आयन वीज नेतात, ते त्याला दिसतात. ज्यांचे आयन होत नाहीत असे पदार्थ, मग ते द्रावक असो की कीटकनाशक, त्याला जवळजवळ दिसत नाहीत. ही मुलं दुसरा एक खेळ करतात. दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवतात. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, घाण होतं, यंत्राचं पाणी स्वच्छ राहतं. बाई घाबरते, यंत्र विकलं जातं. ती घाण पाण्यातली नसते. क्षारांमुळे नळाच्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडाच्या कांडीचाच गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून वीज नाही, म्हणून गंज नाही.

आमच्याकडे असाच एक मुलगा आला होता. बोलायला गोड, घामाघूम झालेला. त्याला बसवलं, सरबत दिलं आणि म्हटलं, बाळा, तुझ्या यंत्राच्या पाण्यात मी दोन चमचे साखर घालतो, तू मीटर लाव. त्यानं लावलं. आकडा जवळपास होता तिथेच राहिला. त्यानं मीटर झटकलं, पुन्हा बुडवलं. मग बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "चाचा, हे तर कंपनीनं शिकवलंच नाही."